सध्या कोणती मालिका बघताय, आणि ती कधी संपावी?

ओसरी

आमच्याकडे सध्या 'ठरलं तर मग' चालू आहे. चालू आहे म्हणजे डिसेंबर 2022 मध्ये लागली तेव्हापासून. आई (वय 79) समोर बसून बघते आणि मी अर्धी स्वयंपाकघरातून ऐकते, अर्धी दारात उभी राहून बघते.

आधी जे आवडलं ते सांगते. जुई गडकरीची सायली मला मनापासून आवडते. आश्रमात वाढलेली मुलगी, ज्यांनी लहानाचं मोठं केलं ते मधुभाऊ खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात, आणि त्यांना सोडवायचं म्हणून ती वकिलाशी करारावर लग्न करते. मूळ कथा 'रोजा' या तमिळ मालिकेची, पण सुभेदारांचं, म्हणजे तिच्या सासरचं, घर आपल्यातलं वाटतं. पहिले काही महिने आम्ही दोघींनी एक भाग चुकवला नाही.

आता तक्रार. खरी तन्वी, म्हणजे किल्लेदारांची लहानपणी हरवलेली मुलगी, सायलीच आहे आणि प्रिया तोतया आहे, हे आपल्याला कधीपासून माहीत आहे. घरातल्यांना कळेना. 2023 गेलं, 2024 गेलं. पुरावा हाताशी येतो, तेवढ्यात कोणीतरी दारात येतं, कोणाचा तरी फोन वाजतो, आणि पुरावा गेला. भाग संपायला येतो तेव्हा आईच्या हातात लसणाची पाकळी असते, अर्धी सोललेली. शेवटचं मिनिट तो हात तसाच थांबतो. एकेकाचा चेहरा जवळून दाखवतात, संगीत वाढतं, नावं येतात. मग आई माझ्याकडे वळून विचारते, "उद्या सांगतील गं?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मला त्याचा त्रास होतो. 79 वर्षांच्या बाईला रोज 'उद्या' सांगायचं, हे मला पटत नाही.

आमच्या गावात रामनवमीला कीर्तन असायचं. बुवा पूर्वरंग कितीही लांबवोत, उत्तररंगात आख्यान लावलं की ते त्याच रात्री संपवूनच उठायचे. सीता वनात सोडून कोणी घरी जात नव्हतं. श्रावणातल्या कहाण्याही साठा उत्तरांच्या पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होतात. ऐकणाऱ्याचा वेळ घेतला की त्याला शेवट द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: मालिका लागतानाच वाहिनीने भाग जाहीर करावेत. दीडशे म्हणा, दोनशे म्हणा, पण ते पाळा. दूरदर्शनवर तेरा-तेरा भागांत गोष्टी होत होत्या. रोजच्या मालिकांमध्येही 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 च्या जानेवारीत लागली आणि त्याच वर्षी संपली, लोक आवडीने बघत असताना. घना-राधा आजही लोकांच्या लक्षात आहेत. उलट 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, तीन हजारांवर भाग झाले. तिचा शेवट काय झाला, हे आमच्या घरात एकालाही सांगता येत नाही.

तुम्ही काय बघताय, आणि ती कधी संपावी असं वाटतं?

दुपारची_दुलई

ओसरी, तुमचं दुखणं कळलं, पण उपाय अजिबात पटला नाही.

माझी आई 'आई कुठे काय करते' पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बघत होती, डिसेंबर 2019 ते नोव्हेंबर 2024. 2024 मध्ये ती संध्याकाळची दुपारी अडीचला नेली तेव्हा आईने स्वतःची झोप पुढे ढकलली. बाबा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. घरात ती एकटी.

2020 च्या मार्चमध्ये चित्रीकरणं बंद पडली आणि जुलैपर्यंत नवे भाग नव्हते. तेव्हा ती जुनेच भाग परत बघत होती. पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं, तरी बघत होती. शेवटासाठी बघत असती तर जुने भाग कशाला बघितले असते?

आणि तुमच्या दीडशे भागांबद्दल. त्या मालिकेतली अरुंधती एका रात्रीत बदलली नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचं बाहेर काय चाललंय हे तिला कळतं. त्यानंतर ती रडते, गप्प बसते, परत त्याच घरात पोळ्या लाटते, मुलांसमोर हसते. घटस्फोट व्हायला किती महिने लागले! मला तेव्हा कंटाळा यायचा. आईला येत नव्हता. सहीच्या भागाच्या दिवशी ती टीव्ही बंद करून म्हणाली, "हिने पंचवीस वर्षांनी केलं. मी बेचाळीस वर्षांनीही केलं नसतं." बाबांबद्दल तिच्या तोंडून असं काही मी तोपर्यंत कधीच ऐकलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघी साडेबारापर्यंत बोलत बसलो होतो.

हे दीडशे भागांत होत नाही. आईला त्या बाईबरोबर तेवढे दिवस काढावे लागले, तेव्हा कुठे तिला ते वाक्य सापडलं.

एकमार्गी

दोघींनाही एकच सांगणं. तो अर्धा तास पुस्तक वाचा. मालिका बघून चिडायचं आणि परत दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसायचं, यात कोणाचंच भलं नाही. सासू-सून, दोन बायकांचा दादला, विषाचा पेला, यापलीकडे मराठी मालिकांमध्ये काही नाही.

ओसरी

एकमार्गी, आईला काचबिंदू आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायची. आता अक्षरं दिसत नाहीत, माणसांचे चेहरे मोठे असले तर दिसतात. टीव्ही हेच तिचं पुस्तक आहे. म्हणून तर ते नीट लिहिलेलं असावं असं मी म्हणते.

'यापलीकडे काही नाही' हेही खरं नाही. 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये सुनेने सासूचं दुसरं लग्न लावून दिलं आणि ते घराघरांत बघितलं गेलं. निवेदिता सराफांची आसावरी बघून आमच्या शेजारच्या काकू पहिल्यांदा एकट्या हॉटेलात डोसा खाऊन आल्या.

दुलई, तुमच्या आईचं वाक्य वाचून मी थोडा वेळ काही लिहू शकले नाही. अरुंधतीच्या त्या भागाला वेळ लागणारच होता, हे मान्य. माझा दीडशेचा आकडा सोडा, चारशे करा. पण मला सांगा, ती कागदावर सही करून बाहेर पडली तिथे आख्यान पूर्ण झालं होतं की नाही? पुढे तिचं आशुतोषशी लग्न लावलं. ते बरं चाललंय म्हटल्यावर त्याला अपघातात मारलं, आणि परत तिला तेच सगळं सोसायला लावलं. हे त्या बाईचं आयुष्य नव्हतं. वेळ भरायची होती म्हणून तिला रडवलं.

घोडबंदरकर

मी सहा वर्षं मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळली. म्हणजे कालच्या सीनमध्ये साडीचा पदर कुठल्या खांद्यावर होता, बांगड्या किती होत्या, कपाळावरची जखम डावीकडे की उजवीकडे, हे वहीत लिहून ठेवणं. त्यामुळे आतल्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात. सेटवर त्या दिवशी हवाच वेगळी असते. आमची एक मालिका (नाव सांगत नाही) लेखकाने वर्षभराची आखली होती, शेवट सुरुवातीलाच लिहून ठेवला होता. सातव्या महिन्यात आकडे पडले आणि पंधरा दिवसांत गुंडाळा असा निरोप आला. त्याचा तो शेवट कधी चित्रित झालाच नाही. घाईघाईने काहीतरी जुळवलं आणि शेवटच्या दिवशी तो सेटच्या मागे एकटाच पायरीवर बसून होता. आकडे चढते असते तर उलट झालं असतं, तीन वर्षं ओढली असती. भाग आधी जाहीर करायचे तर हा गुरुवार काढावा लागेल, आणि तो कोणी काढणार नाही.

दुसरं, पुरावा दर वेळी का निसटतो. गुपित फुटतं त्या आठवड्यात लोक तुटून पडतात, आकडा वर जातो. पुढच्या आठवड्यात प्रश्नच उरत नाही, आकडा खाली. म्हणून गुपित मुदत ठेवीसारखं सांभाळतात, अगदीच अडलं तर मोडतात.

पण ओसरी, मी तुमच्या बाजूने नाही. सेटवर रोज साठ-सत्तर माणसं राबतात. लाइटवाले, स्पॉटदादा, मेकअपदादा, हेअरदीदी, जनरेटरवाला. मालिका तीन वर्षं चालली की कोणाचा तरी घराचा हप्ता जातो, कोणाच्या तरी मुलीची फी भरली जाते. 2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा किती युनिटं गोव्याला, सिल्वासाला गेली. गोव्यानेही मे महिन्यात परवानगी काढून घेतली, तेव्हा आम्ही बॅगा भरून तिथून निघालो. मालिका बंद पडणं म्हणजे काय, ते मी त्या गाडीत बघितलंय. दर सहा महिन्यांनी नवी मालिका म्हणजे दर सहा महिन्यांनी हातावर हात.

शारजाहून

मला लांबी-रुंदीशी घेणं नाही. आम्ही मुलांच्या कानावर मराठी पडावी म्हणून रात्री एक मालिका लावतो. सध्या 'पारू' चालू आहे. मुलाला प्राणी आणि शेत दिसलं की खूश.

माझी तक्रार भाषेची. "माझी मदत कर" हे मराठी नाही हो! "मला मदत कर." गेल्या आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने मला "आई, माझी मदत कर ना" म्हटलं. तो हिंदी शिकलेला नाही, हे त्याने मराठी मालिकांमधूनच उचललंय. इथे त्याला मराठीचा दुसरा शिक्षक नाही, मी आणि टीव्ही एवढेच.

घोडबंदरकर

शारजाहून, शंभर टक्के बरोबर. संवाद रात्री लिहून होतात आणि सकाळी सेटवर येतात. कधी कधी पहिला सीन लागला तरी दुसऱ्याचा कागद आलेला नसतो. वाचून दुरुस्त करायला मध्ये माणूसच नाही. एखादी ज्येष्ठ अभिनेत्री असली तर ती स्वतः वाक्य बदलून घेते. नव्या मुलांची तेवढी हिंमत होत नाही.

आकेरीकडचो

मधला मार्ग आहे आणि तो आमच्या सिंधुदुर्गात करून दाखवलाय. 'रात्रीस खेळ चाले' 2016 मध्ये लागली आणि त्याच वर्षी संपली. 2019 मध्ये दुसरं पर्व आलं, तेही मागच्या काळातलं. पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच गेलेले, दुसऱ्यात ते जिवंत. माधव अभ्यंकरांनी तो माणूस असा उभा केला की लोकांना चीड यायची आणि नजरही हटायची नाही. शेवट आधीच माहीत होता. अण्णांचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक, तरी दुसरं पर्व पहिल्यापेक्षा जास्त गाजलं.

सुरुवातीला आमच्याकडे मालिकेला विरोध झाला, आमचो जिल्हो भुताखेतांचो दाखवतत म्हणून. मीही त्या बाजूचा होतो. पण रोज अर्धा तास मालवणी सगळ्या महाराष्ट्रात ऐकू गेली, हे मला नाकारता येत नाही. पुण्यात माझ्या ऑफिसात लोक माझ्याशी मालवणीत बोलायला बघायचे.

तिसरं पर्व (2021) मात्र नको होतं. वाडा तोच, माणसं तीच, सांगण्यासारखं संपलेलं. तेव्हा पर्वं करा, पण सांगण्यासारखं असेल तरच.

ओसरी

आकेरीकडचो, हे मला पूर्ण मान्य. शेवट माहीत असूनही लोक बघतात, मग गुपित धरून ठेवायची एवढी भीती कशाला?

घोडबंदरकर, तुमचं वाचून माझ्या बोलण्यातली एक बाजू मी बघितलीच नव्हती हे कळलं. तरी एक विचारते. वर्षानुवर्षं ओढलेली मालिका आणि सात महिन्यांत गुंडाळलेली मालिका, दोन्ही त्या गुरुवारच्याच. त्यात तुमचा हप्ताही सुरक्षित नव्हता आणि लेखकाचा शेवटही नाही. पंधरा दिवसांच्या निरोपावर घरी बसण्यापेक्षा 'ही मालिका अमुक महिन्यापर्यंत आहे' हे सत्तर जणांना आधी माहीत असलं, तर पुढचं काम शोधायला वेळ नाही का मिळणार?

घोडबंदरकर

मिळेल. तारीख वरच्यांनी पाळली तर. मी ज्यांच्याकडे काम केलं त्यांच्यावर तेवढा भरवसा ठेवायला माझं मन तयार नाही. चालू आहे ते चालू राहू दे, असंच सेटवरचा माणूस म्हणणार.

दुपारची_दुलई

ओसरी, आपण सगळे आपापल्या आयांच्या वतीने बोलतोय. तुमच्या आईंना एकदा सरळ विचाराल का, शेवट हवा की मालिका?

ओसरी

विचारलं, आत्ताच. भाग संपल्यावर. ती म्हणाली, "शेवट सांगा आणि दुसरी लावा. गोष्टी काय थोड्या आहेत?" आणि राहिलेला लसूण सोलायला लागली.

दुपारची_दुलई

मीही विचारलं, फोनवर. माझी थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अरुंधती आता काय करत असेल गं?"