मदत हवी आहे: कमी उजेडात छोटा मिररलेस की जुना प्रो डीएसएलआर?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सोनी ए6400 हा छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे, आणि एका मित्राने त्याचा निकॉन डी4 हा आरसा असलेला जुना प्रो डीएसएलआर काही दिवस वापरायला दिलाय. रंगमंचावरच्या नृत्याचे फोटो काढायचे आहेत, फ्लॅश अजिबात चालणार नाही. शटर 1/250 सेकंदापेक्षा हळू ठेवलं की नाचणाऱ्यांचे हात हलल्यासारखे येतात, म्हणजे आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे वाढतात) 6400 च्या आसपास जाणारच.

डी4 चा सेन्सर फुल फ्रेम (मोठ्या आकाराचा), 16 मेगापिक्सेल, पण 2012 चा. ए6400 चा सेन्सर एपीएस-सी (त्याहून लहान), 24 मेगापिक्सेल, 2019 चा. क्षेत्रफळात फुल फ्रेम साधारण 2.3 पट, म्हणजे हिशेबाने सव्वा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). पण सात वर्षांत सेन्सर सुधारले, त्यात हा फायदा किती उरतो?

दोन्हींचे फोटो 100 टक्के झूम करून पाहिले तर ए6400 फारच दाणेदार वाटतो. मेगापिक्सेल वेगळे असताना ही तुलनाच चुकीची ना? दोन्ही एकाच आकाराला आणून बघू का? आणि ए6400 ला एफ 1.8 ची (एफचा आकडा लहान, तितका जास्त प्रकाश आत) लेन्स लावून डी4 वरच्या एफ 2.8 झूमची बरोबरी होईल का?

अंधारात फोकस कोणाचा पक्का बसतो, हे दोन्ही वापरलेल्यांनी नक्की सांगा. फोकस चुकला तर नॉइज (दाणे) कमी असून उपयोग नाही.