टॉमकॅटसमोर अपाची लावलाय आणि वेब-इन्फ बाहेरून दिसतंय, कुठे अडवायचं?

परळचा_जावावाला
मंडळी अर्जंट आहे. एका पतपेढीचं जुनं जावा अ‍ॅप्लिकेशन आमच्याकडे मेंटेनन्सला आलंय, पुढे वेबसर्व्हर अपाची, मागे जावा चालवणारा टॉमकॅट, मध्ये दोघांना जोडणारा कनेक्टर मॉड-जेके, सगळं एकाच लिनक्स मशीनवर. काल रात्री सहज लिंकच्या शेवटी वेब-इन्फ (आतल्या फाइलींचं फोल्डर, बाहेरून दिसायलाच नको) आणि वेब डॉट एक्सएमएल (त्यातली सेटिंगची फाइल) टाकून बघितलं तर अख्खी फाइल ब्राउझरमध्ये उघडली, छातीत धस्स झालं. ८०८० वर, म्हणजे टॉमकॅटच्या स्वतःच्या पोर्टवर डायरेक्ट तीच लिंक मारली तर ४०४ (सापडलं नाही) येतो, म्हणजे टॉमकॅट बरोबर अडवतोय मग कनेक्टर का सोडतोय?? त्याच फोल्डरात डेटाबेसचा पासवर्ड आहे आणि खातेदार बहुतेक लालबाग-परळची गिरणीतून रिटायर झालेली माणसं, त्यांच्या ठेवींचा हिशोब आहे यात.

ठाणे_स्लो
कनेक्टर सोडत नाहीये रे, त्याच्यापर्यंत ती रिक्वेस्ट पोचतच नाहीये. कुठल्या लिंक टॉमकॅटकडे पाठवायच्या ते सांगणाऱ्या जेकेमाउंटच्या ओळी बघ, फक्त डॉट जेएसपी आणि एखाद-दोन सर्व्हलेटचे पाथ असतील, आणि एलियस नाहीतर डॉक्युमेंटरूट (अपाची स्वतः फाइली जिथून देतो ती जागा) थेट टॉमकॅटच्या वेबअ‍ॅप्स फोल्डरवर. इमेज, सीएसएस अपाचीनेच द्यावं म्हणून पूर्वी सर्रास असं करायचे. वेब-इन्फ बाहेर द्यायचं नाही हा सर्व्हलेट स्पेसिफिकेशनचा नियम, तो टॉमकॅट पाळतो, अपाचीला त्याचा पत्ताच नाही, त्याच्या लेखी तो साधा फोल्डर.

आत्ताच्या आत्ता अपाचीच्या कॉन्फिगमध्ये डिरेक्टरीमॅच लावून वेब-इन्फ आणि मेटा-इन्फ दोन्हीवर रिक्वायर ऑल डिनाइड टाक, कॉन्फिगटेस्ट करून ग्रेसफुल रीस्टार्ट दे. लोकेशनने नको करू, ते नुसती यूआरएल बघतं, विंडोजसारख्या ठिकाणी फाइलच्या नावात लहान-मोठं अक्षर सारखंच धरतात तिथे ते चुकवता येतं, डिरेक्टरी डिस्कवरचा खरा पाथ बघते.

पण ही मलमपट्टी झाली. वेबअ‍ॅप्समध्ये डॉट वॉर फाइल (सगळ्या कोडचं एकत्र पॅकेज) पडलेली असेल तर ती कुणीही अख्खी डाउनलोड करेल, आत वेब-इन्फसकट सगळं. जेएसपीत इन्क्लूड करायच्या डॉट जेएसपीएफ फाइली पण कोडसकट उघड्या दिसतील. माझं ठाम मत, स्टॅटिक फाइली वेगळ्या फोल्डरात कॉपी कर, एलियस तिकडे वळव, आणि वेबअ‍ॅप्स अपाचीला दाखवूच नकोस.

घाटकोपर_शुभदा
वरचं सगळं बरोबर, पण ८००९ पण बघ भाऊ, मॉड-जेके टॉमकॅटशी बोलतो तो एजेपी पोर्ट. टॉमकॅटमधली २०२० ची त्रुटी घोस्टकॅट, त्यात एजेपी पोर्टवर पोचता आलं की वेब-इन्फमधल्या फाइली वाचता यायच्या, तिथे अपाचीत काहीही लिहिलं तरी उपयोग नाही कारण समोरचा अपाचीकडून येतच नाही. टॉमकॅट ९.०.३१, ८.५.५१ नाहीतर ७.०.१०० च्या आधीचा असेल तर अपग्रेड कर, एजेपी १२७.०.०.१ वरच (म्हणजे त्याच मशीनपुरता) बांध, सीक्रेट (दोघांमधला पासवर्ड) दोन्हीकडे घाल, सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये आणि वर्कर्स प्रॉपर्टीजमध्ये. मॉड-जेके पण १.२.४६ च्या खाली नको, आधीच्यात पाथमध्ये सेमीकोलन घालून अडवलेल्या जागी शिरता यायचं.

आणि पासवर्ड आजच बदल, फाइल कुणी वाचलीच असेल असं धरून चाल. अ‍ॅक्सेस लॉग आधी बाजूला कॉपी करून ठेव, रोटेट होऊन जातील.

परळचा_जावावाला
ठाणेकर, अगदी तेच निघालं, एलियस थेट वेबअ‍ॅप्सवर. वॉर फाइल पण डाउनलोड झाली माझ्या मोबाइलवरून, हात थरथरत होते. आता स्टॅटिक वेगळं केलं, वेब-इन्फ, वॉर दोन्हीला ४०४ येतोय, ८००९ लोकलवर बांधला, पासवर्ड बदलला. टॉमकॅट ८.५.३२ आहे, रविवारी अपग्रेड.

पण लॉगमध्ये वॉरच्या लिंकवर २०० ची (म्हणजे फाइल मिळाल्याची) एक ओळ आहे जी माझी नाही, आयपी बाहेरचा, तीन आठवड्यांपूर्वीची.

घाटकोपर_शुभदा
मग थांबू नकोस. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. पतपेढीच्या साहेबांना आत्ता फोन लाव.

परळचा_जावावाला
लावला ताई. लॉगची प्रिंट घेऊन निघालोय तिकडेच, कळवायचं पत्र तिथेच बसून लिहितो.