गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईसोबत बघण्यासारखं काय आहे? (मराठीच हवं)

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या सोमवारी झालं. ती नाशिकला एकटी असते, म्हणून दीड महिना मी इथूनच काम करणार आहे. सकाळी फिजिओथेरपीवाल्या ताई येतात, दुपारी आई झोपते आणि संध्याकाळी सात ते नऊ आम्ही दोघी टीव्हीपुढे असतो. रोजच्या मालिका तिला नको झाल्यात. "तीच बाई तीन दिवस दारातच उभी आहे गं," म्हणते.

आईने ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. संवाद खोटे वाटले की तिचं लक्ष उडतं. सबटायटल्स वाचून डोळे दुखतात, म्हणून मराठीच हवं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. बघताना डोळ्यांत पाणी आलं तर हरकत नाही, पण रात्रभर झोप लागू नये असं काही नको. 'अशी ही बनवाबनवी' आम्हाला तोंडपाठ आहे, तेव्हा ते सोडून सांगा. सिनेमा, मालिका, काहीही चालेल.

शेवटची रांग

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. मराठी शिकवणाऱ्या बाईंना दाखवायचं असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्यापासून सुरुवात करा. या दोघांच्या सिनेमात माणसं घरात बोलतात तशी बोलतात. वाक्य अर्धं सोडतात, मध्येच विषय बदलतात, आणि नेमकं जे बोलायचं असतं ते बोलायला त्यांना वेळ लागतो. तो वेळ हे दोघे त्यांना देतात. मला यांचं सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते यासाठी.

पहिला 'दहावी फ' (२००२). शाळेने 'ढ' ठरवून शेवटच्या तुकडीत टाकलेली मुलं रागाच्या भरात प्रयोगशाळेची मोडतोड करतात. त्यांचे सर, म्हणजे अतुल कुलकर्णी, त्यांना हाकलून देण्याऐवजी झालेलं नुकसान त्यांच्याच मेहनतीने भरून काढायला लावतात. ३४ वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला यातलं प्रत्येक पोर ओळखीचं वाटेल. मी स्वतः शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी. हा सिनेमा मी अकरा वेळा पाहिलाय, आणि दर वेळी माझे सर आठवतात.

दुसरा 'वास्तुपुरुष', तोही २००२चाच. पडझडीला आलेला वाडा, गुप्तधनाच्या आशेने जमीन खणणारी माणसं, आणि या सगळ्यात आपल्या मुलाने डॉक्टर व्हायचंच असं ठरवून बसलेली आई. उत्तरा बावकरांनी ही आई अशी केलीय की तिचा हट्ट आधी टोचतो आणि मग पटतो. घाईने बघू नका. मोकळी संध्याकाळ ठेवा.

मग 'कासव'. याला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, म्हणजे सुवर्णकमळ, मिळालं. नैराश्यात बुडालेला एक तरुण आणि त्याला घरी आणणारी जानकी. त्यांच्या आजूबाजूला कोकणचा किनारा आणि तिथे अंडी घालायला येणारी कासवं. आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे, ते आधीच सांगून ठेवतो. पण पुढचा सगळा सिनेमा त्या मुलाला घाई न करता सांभाळण्याचा आहे. जानकी त्याला प्रश्न विचारत नाही, जेवायला वाढते. इरावती हर्षे यांचा चेहरा तिथे बघाच.

निळी छत्री

मालिकांचं मी सांगते. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' डोळे मिटून सुरू करा. २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली, दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वर आधारलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. प्रत्येक भागात घरातली एखादी साधीच गोष्ट असते आणि त्याच भागात ती संपते. दोन तासांत चार-पाच भाग सहज होतात. आणि रात्री झोप छान लागते, हा स्वानुभव! माझ्या सासऱ्यांच्या बायपासनंतर आमचं घर या मालिकेतल्या आबांनीच सांभाळलं.

'प्रपंच'ही बघा. १९९९ची, प्रतिमा कुलकर्णी यांची. एकत्र कुटुंब आहे, पण कुणी कुणाविरुद्ध कट करत नाही. भांडणं होतात ती पैशांवरून, नोकरीवरून, कुणाचं ऐकून घेतलं नाही म्हणून. सुधीर जोशी नुसते खुर्चीत बसलेले असले तरी मी बघत राहते.

रातराणी

तुम्ही नाशिकच्या, तर 'अग्निहोत्र' बघायलाच हवी. स्टार प्रवाहवर २००८च्या शेवटी सुरू झाली, दिग्दर्शक सतीश राजवाडे. नाशिकचा जुना वाडा, आठ गणपती, पांगलेलं घराणं आणि त्यातलं रहस्य. विनय आपटे, विक्रम गोखले, मोहन आगाशे एकाच मालिकेत! आई रोज विचारतील, "पुढे काय झालं असेल?" दुखण्यातल्या माणसाला उद्याची वाट बघायला काहीतरी हवंच.

जुनं तिकीट

'अस्तु' कुणीच कसा सुचवला नाही? भावे-सुकथनकरांचा सगळ्यात मोठा सिनेमा माझ्या मते तोच. मोहन आगाशे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. स्मृतिभ्रंशामुळे सगळं विसरत चाललेले. एक दिवस रस्त्यात हत्ती दिसतो आणि लहान मुलासारखे त्याच्या मागोमाग निघून जातात. माहुताची बायको, चन्नम्मा, त्यांना आपलं मूल समजून सांभाळते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाषेवर आयुष्य घालवलेल्या बाईंना हा कळेल तसा दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

रातराणी

जुनं तिकीट, सिनेमा थोर आहे हे मान्य. पण आत्ता नको. माझ्या वडिलांना हाच आजार होता. आईसोबत 'अस्तु' पाहिला आणि त्या रात्री दोघी बोललोच नाही. काकू सध्या दुसऱ्यावर अवलंबून आहेत, बाथरूमला जायलाही हात लागतो. अशा वेळी आपलंही असं होईल का, हा विचार मनात येतोच. त्या चालायला लागल्या की दाखवा.

जुनं तिकीट

रातराणी, तुमचं बरोबर आहे. या बाजूने माझा विचार झाला नव्हता. गोदाकाठी, दोन महिन्यांनी बघा, पण बघाच.

शेवटची रांग

रातराणींशी सहमत. याच कारणाने मी 'श्वास'ही सध्या बाजूला ठेवायला सांगेन. अरुण नलावड्यांचे आजोबा आयुष्यभर लक्षात राहतात, पण दवाखान्याचे कॉरिडॉर नुकतेच बघून आलेल्या माणसाला ते जड जाईल. त्याऐवजी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावा. परेश मोकाशींचा २००९चा सिनेमा. दादासाहेब फाळके तुमच्या त्र्यंबकेश्वरचे! घरातलं सामान विकून, लंडनला जाऊन, १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणेपर्यंतची गोष्ट. हा माणूस एवढ्या संकटांत हसतमुख राहतो आणि त्याचं घर त्याच्यासोबत त्या वेडात उडी घेतं. सरस्वतीबाई फिल्मचं काम शिकतात ते प्रसंग मला फार आवडतात. विभावरी देशपांडे यांनी त्यांच्यात नुसता त्याग दाखवलेला नाही, कुतूहल दाखवलंय. नंदू माधव तर फाळकेच वाटतात.

मोकाशींचाच 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) लगेच दुसऱ्या दिवशी. पंढरपूर, कार्तिकीची गर्दी, वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून धडपडणारी भावंडं. वडील गेलेले आहेत, पण त्या घरात ते सायकलच्या रूपाने फिरत असतात. तुमच्या घरी हे नीट पोचेल असं मला वाटतं.

कोकणकडा

'किल्ला' राहिला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बदली होऊन कोकणात आलेली आई आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा. दिग्दर्शक अविनाश अरुण मुळात छायाचित्रकार, त्यामुळे पाऊस अंगावर येतो. बर्लिन चित्रपट महोत्सवात २०१४ मध्ये मुलांच्या परीक्षक मंडळाने याला क्रिस्टल बेअर दिलं. मोबाइलवर बघू नका, मोठ्या टीव्हीवरच.

गोदाकाठी

उशिरा उत्तर देतेय, माफ करा. तीन आठवडे झाले. आई आता वॉकरने स्वयंपाकघरापर्यंत जाते.

टिपरे रोज दोन भाग, ठरलेलंच. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ला आई इतकी हसली की ताईंनी सांगितलेला व्यायाम राहिला. 'एलिझाबेथ'नंतर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या बाबांचा रेडिओ माळ्यावर असेल, काढ." काढला. चालत नाही, पण आता तिच्या पलंगाशेजारी आहे.

'दहावी फ' काल पाहिला. संपल्यावर तिने कपाटातून १९९१च्या वर्गाचा फोटो काढायला लावला आणि मागच्या रांगेतल्या एका मुलाबद्दल सांगितलं. त्याला तिने एकदा सगळ्यांसमोर वर्गाबाहेर काढलं होतं. त्याचं नाव, गाव, हस्ताक्षर, सगळं तिच्या लक्षात होतं. हे मला आजवर माहीत नव्हतं. साडेअकरापर्यंत बोलत होतो, आणि नंतर ती शांत झोपली.

शेवटची रांग, तुम्हाला तिने खास विचारलंय: तुमचे ते सर अजून आहेत का? असतील तर त्यांना भेटून या म्हणाली.

शनिवारी मावशी येतेय, तेव्हा 'वास्तुपुरुष'. 'किल्ला' त्याच्या पुढच्या आठवड्यात.

शेवटची रांग

बाईंना माझा नमस्कार सांगा. सर आहेत, ८१ वर्षांचे, साताऱ्याला असतात. रविवारच्या एसटीचं तिकीट काढलंय.