कोबोलवर राग काढण्याआधी

कोबोल ही प्रोग्रॅम लिहिण्याची जुनी भाषा, जावा ही त्यामानाने नवी. 'कोबोलमधलं सगळं एकदाचं जावात लिहून मोकळं व्हावं' असं एक मत मांडलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. कोबोल १९५९ सालची आहे, मान्य. पण पैशांचा हिशेब हेच तिचं मूळ काम. रकमेत एकूण किती आकडे आणि दशांशानंतर किती, हे तिथे व्हेरिएबल (म्हणजे आकडा साठवायची नाव दिलेली जागा) घोषित करतानाच ठरतं आणि हिशेब दशमान पद्धतीने होतो. जावात कुणी सवयीने 'डबल' हा द्विमान पद्धतीने अपूर्णांक साठवणारा प्रकार वापरला, की ०.१ आणि ०.२ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. दशमान हिशेबासाठी जावात 'बिगडेसिमल' आहे ना, म्हणाल. आहेच, पण ते प्रत्येक ठिकाणी आठवणीने वापरावं लागतं.

आणि प्रोग्रॅमचं भाषांतर हा त्यातला सोपा भाग. अमुक तारखेआधीच्या खात्यांना व्याज वेगळ्या रीतीने लावायचं, असा नियम प्रोग्रॅममधल्या कुठल्यातरी 'इफ'मध्ये (म्हणजे 'जर असं, तर तसं' या अटीत) दडलेला असतो. कागदावर कुठेच नसतो. तो का घातला हे ज्यांना माहीत होतं ते निवृत्त झालेत.

एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावं लागलं. वर्षानुवर्षं नवी माणसं तयारच केली नाहीत, की ही वेळ येते.

म्हणून व्यवस्थापनाला माझं कळकळीचं सांगणं आहे: जाणकार माणूस नोकरीत असतानाच त्याच्या शेजारी दोन नवे लोक बसवा. बदलायचंच असेल तर एकेक मॉड्यूल (प्रोग्रॅमचा स्वतंत्र भाग) घ्या, जुनं-नवं काही महिने समांतर चालवा आणि महिनाअखेरचे आकडे पैशापैशाने जुळेपर्यंत जुनं बंद करू नका.