चाळिशीनंतर गिटार हातात घेतलेले कोण कोण आहात?

पोरांसाठी आणलेली गिटार अनेक घरांत कपाटावर पडून असते. पोरगं दहावीला गेलं की क्लास सुटतो. मग एखाद्या रविवारी आई नाहीतर बाबा कव्हर काढतात, यूट्यूब लावतात आणि पाच मिनिटांत बोटं चोळत बसतात. अशांसाठी हा धागा. मोठेपणी, अगदी शून्यापासून अकूस्टिक गिटार शिकताना कुठे अडलात आणि गाडं पुढे कशामुळे सरकलं ते लिहा. 'रोज रियाज करा' एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या, ते आम्हाला घरचेही सांगतात.

सुरुवात मीच करते. ए मायनरवरून सी कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम छेडायचे तीन-चार सूर) जाताना गाणं दर वेळी थांबायचं. सर म्हणाले, "ताई, दोन बोटं हलवूच नका." दोन्ही कॉर्डमध्ये तर्जनी आणि मधलं बोट जागच्या जागी राहतं. अनामिका तेवढी तिसऱ्या तारेवरून उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या; तारा सगळ्यात बारीक तारेपासून मोजायच्या) टाकायची. पुस्तकात दोन चित्रं शेजारीशेजारी होती, तरी हे कुणी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं!

नाशिकहून

माझी तक्रार वाद्याबद्दल आहे, शिकणाऱ्याबद्दल नाही. स्वस्तातली गिटार घेतली. बोटांना चरे पडायचे, तरी तार फ्रेटला नीट टेकायची नाही. जो तो म्हणे, सुरुवातीला दुखतंच. शेवटी एका दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी बाराव्या फ्रेटवर छोटी स्टीलची पट्टी उभी धरली. सगळ्यात जाड तार फ्रेटपासून जवळजवळ चार मिलिमीटर वर! अडीचच्या आसपास असली की नवख्याला झेपते म्हणाले. ब्रिजवरचं पांढरं सॅडल (पोटाकडच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) काढून खालून घासलं. जितकं घासाल त्याच्या साधारण निम्मं अंतर बाराव्या फ्रेटवर कमी होतं, म्हणून थोडं थोडं घासून परत परत मोजत होते. त्याच संध्याकाळी डी कॉर्डच्या चारही तारा स्वच्छ वाजल्या. बोटं तीच होती. 'माझा हातच बसत नाही' म्हणून ज्यांनी गिटार सोडली, त्यांतल्या कितीतरी जणांचा हात ठीकच असणार असं माझं ठाम मत आहे.

साताऱ्याहून

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. गिटार घेतली तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की यात काळी दोन (पेटीची दुसरी काळी पट्टी) कुठाय? क्लासमधला मुलगा सी, जी, डी म्हणत राहिला. मग घरी पेटी शेजारी ठेवून बसलो आणि उलगडा झाला. एक फ्रेट म्हणजे पेटीची एक पट्टी, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर लावला की सीचा आकार काळी दोनचा सा देतो आणि जीचा आकार काळी पाचचा. आमच्याकडे पुरुष काळी दोनमध्ये गातात आणि बायका काळी पाचमध्ये, म्हणजे कॅपो जागचा हलवायलाच नको. मंडळी खूश.

भूप रागही लगेच सापडतो. पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सा, चौथी तार मोकळी सोडली की रे, तिच्याच दुसऱ्या फ्रेटवर ग, तिसरी तार मोकळी म्हणजे प, तिचा दुसरा फ्रेट ध, आणि दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर वरचा सा. बोटांना यापेक्षा सोपा पहिला धडा नसेल. भैरवीला मात्र मी कॉर्ड लावत नाही. शिकवणारे लावतात, मला ते कानाला खटकतं. सा-पच्या तारा छेडत राहतो, बाकी पेटीवाला बघून घेतो.

डोंबिवलीहून

साताऱ्याच्या दादांच्या पंगतीत मीही बसतो, मी तबलेवाला. सगळीकडे शिकवतात तो खाली-खाली-वर-वर-खाली-वर हा स्ट्रमिंगचा (तारांवरून हात फिरवण्याचा) प्रकार मला महिनोन्‌महिने जमेना, कारण सगळे तो तोंडाने म्हणून दाखवतात आणि मात्रा कुणीच मोजत नाही. मोजा. हात दर मात्रेला हलत ठेवायचा, विषम मात्रेला खाली, सम मात्रेला वर. आठ मात्रांपैकी दुसरी आणि पाचवी नुसती हवेतून जाते, तारेला लागत नाही. आता केरवा म्हणा: धा गे ना ति, न क धि न. पाचवी मात्रा म्हणजे काल, तालातली रिकामी मात्रा! तबल्यात डग्गा गप्प होतो तिथेच गिटारवाल्याचा हातही रिकामा जातो. हे लक्षात आलं त्या दिवशी बायकोला झोपेतून उठवून वाजवून दाखवलं. तिची प्रतिक्रिया इथे लिहिण्यासारखी नाही.

टोरांटोहून

आमच्याकडे रडगाणं हवेचं आहे. हिवाळ्यात घरात हीटिंग सुरू झालं की हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं. फ्रेटच्या कडा बाजूने हाताला टोचायला लागल्या तेव्हा कळलं. लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आता केसमध्ये ओलसर स्पंजची डबी आणि एक छोटा मीटर असतो.

रत्नागिरीहून

टोरांटोकरांनी थोडी कोरडी हवा इकडे पाठवावी ही विनंती. जून ते सप्टेंबर तारा गंजतात, गिटारचं पोट फुगतं, तारा उंच होतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकते, वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसते. गणपतीपर्यंत कसंबसं निभतं, मग नवीन तारा. ०.०१२ इंचावरून ०.०१० इंचाच्या बारीक तारांवर आले तशी बोटंही दुवा देतात. आवाज थोडा पातळ झाला, ते चालतं.

पुण्याहून

एफ कॉर्डबद्दल अजून कुणीच कसं बोललं नाही? निम्मी जनता तिथेच गळते. तर्जनी सहाही तारांवर आडवी, आणि तीही पहिल्या फ्रेटवर, जिथे तार नटच्या (मानेच्या टोकाची खाचा असलेली पट्टी) अगदी जवळ असल्यामुळे सर्वांत कडक लागते. मी तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरला. तिथे तो ए मेजर वाजतो आणि बोटाला बराच कमी जोर लागतो. मग एकेक फ्रेट खाली उतरत आलो. एक चाचणीही करून बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून दुसऱ्यापासून तोच आकार धरा. एकदम सोपं वाटलं तर नटच्या खाचा उंच आहेत, तेव्हा नाशिकवाल्यांसारखे कोणी काका गाठा.

आणि 'आधी नायलॉन तारांची क्लासिकल घ्या' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. बोटं कमी दुखतात, कबूल. पण तिची मान रुंद असते. लहान हाताला ते निराळंच दुखणं.

ठाण्याहून

मी डावखुरा आहे. मुलीच्या गिटारला तारा उलट्या क्रमाने लावून शिकू का?

रत्नागिरीहून

दादा, नुसत्या तारा उलट करू नका. नटच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात, जाड तार बारीक खाचेत बसणार नाही. सॅडलही तिरकं असतं, त्यामुळे वरच्या फ्रेटवर सूर ढळतील. मीही डावखुरी आहे, पण उजव्या हाताच्या लोकांसारखीच वाजवते. तशीही कॉर्ड धरायची हमाली डाव्या हाताकडेच असते.