आल्फ्रेड ब्रुयास : रसिक की आत्मपूजक?

चित्रवेडा : 'ब्रुयास हा आरशाऐवजी चित्रकार विकत घेणारा धनिकपुत्र होता', हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही. फ्रान्समधील माँपेलिए शहराच्या या चित्रसंग्राहकाने काबानेल, दलाक्रवा आणि कूर्बे या चित्रकारांकडून स्वतःची व्यक्तिचित्रे करवून घेतली, हे मान्य. परंतु १८५३च्या पॅरिसमधील 'सालाँ' या अधिकृत चित्रप्रदर्शनात कूर्बेच्या ज्या 'स्नान करणाऱ्या स्त्रियां'ची छी-थू झाली, ते चित्र विकत घेण्याचे धाडसही त्यानेच केले आणि १८६८मध्ये संग्रह शहराला देऊन टाकला.

बोरूबहाद्दर : विधान माझेच आहे आणि ते कायम आहे. त्या दानामुळे स्वतःचे इतके चेहरे माँपेलिएच्या फाब्र संग्रहालयात कायमचे राहतील, याची सोयही आपोआप झाली.

रानवारा : आपण दोघेही मालकाविषयीच बोलत आहात. कूर्बेच्या १८५४च्या 'भेट' या चित्रात दाढी उंचावून उभा असलेला चित्रकार, टोपी काढून त्याचे स्वागत करणारा ब्रुयास आणि मागे मान खाली घातलेला, काला नावाचा त्याचा नोकर आहे. माझे आजोबा ज्या वाड्यावर दिवाणजी होते, तेथील मालकाच्या तैलचित्रात छत्री धरलेला एक गडी आहे. त्याचे नाव आज त्या घराण्यात कोणालाही सांगता येत नाही.

चित्रवेडा : विषय ब्रुयासचा आहे, वर्गभेदाची चर्चा कृपया अन्यत्र करावी.

रानवारा : वर्गभेद मी नव्हे, कूर्बेने रंगवला आहे. रस्त्यावर ठळक सावली पडते ती एकट्या चित्रकाराची. मालक आणि नोकर झाडाच्या छायेत उभे आहेत. समीक्षकांनी तेव्हाच याची टिंगल केली होती. आपण चित्र पाहिले आहे की केवळ दानपत्र?

चित्रवेडा : पाहिले आहे, म्हणूनच विचारतो : ज्या चित्रात पैसे देणाराच चित्रकारापुढे टोपी काढतो, ते चित्र कोणता आत्मपूजक जपून ठेवील?

बोरूबहाद्दर : नम्र दिसण्याची हौस असलेला! तरीही दलाक्रवाने १८५३मध्ये रंगवलेला, हातात रुमाल घेतलेला तो फिकट, आजारी माणूस खुशामतीचा नमुना नाही, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. डिसेंबर १८८८मध्ये चित्रकार गोगँसह त्या संग्रहालयात गेलेल्या व्हॅन गॉगला त्या तांबूस दाढीत स्वतःचे आणि भावाचे साम्य दिसले होते. आता तोही भाट होता, असे मी म्हणणार नाही. रानवारा यांनी म्हणावे.

रानवारा : म्हणेन, पण आधी कालाचे स्वतंत्र व्यक्तिचित्र दाखवा.