शुक्रवारचं प्रवचन आणि रॅम्पवरची गाडी

(सोसायटी ग्रुप, वडगाव शेरी. शुक्रवार संध्याकाळ)

पाटील, बी-१०३: गेटसमोर परत तीन गाड्या. एक पांढरी क्रेटा तर चक्क रॅम्पवर. कोणाची आहे ती काढा. मुलाला क्लासला सोडायचंय, सातला बॅच आहे.

शिंदेताई, सी-४०२: आपल्यातल्या कोणाची नाही हो. चर्चमध्ये बाहेरचे कोणी मोठे फादर आलेत. मागच्या शुक्रवारीही असंच झालं.

पाटील: रविवारचं समजू शकतो. दर शुक्रवारी काय? सेक्रेटरी, लेखी तक्रार करा. नाहीतर मीच फोटो काढून ट्रॅफिकवाल्यांना पाठवतो.

सेक्रेटरी: पाच मिनिटं थांबा साहेब. गायकवाड काकू, आहात का?

गायकवाड काकू, ए-२०२: आहे. चर्चमधूनच लिहितेय, मागच्या बाकावरून. माइकवर गाडीचा नंबर सांगायला लावलाय. माफ करा पाटीलसाहेब.

पाटील: निघाली. थँक्यू काकू. पण पुढच्या शुक्रवारी परत हेच ना?

गायकवाड काकू: घरी जाऊन सविस्तर लिहिते. इथे टाइप करताना फादर बघतायत.

(रात्री पावणेदहा)

गायकवाड काकू: हं, आता सांगते. आमचा उपवासकाळ चालू आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून ४० दिवस. शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना, असते आणि तिला जोडून पाहुण्यांचं प्रवचन. दर वर्षी कोणी ना कोणी बाहेरून येतं. त्यात रामवाडी आपल्याला इतकी जवळ की विद्वानांची वाण नाही. तिथली पेपल सेमिनरी मुळात श्रीलंकेत, कँडीला १८९३ मध्ये सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. शेजारी ज्ञानदीप, धर्मशास्त्र शिकवणारी संस्था. फादर व्हायला देशभरातून मुलं येतात, त्यांना शिकवणारे प्राध्यापक इथेच राहतात. आज आलेले तिथलेच, बायबलमधल्या जुन्या कराराचे अभ्यासक.

शिंदेताई: पण काकू, तुमचे स्वतःचे फादर आहेत की. बाहेरचे कशाला?

गायकवाड काकू: आमचे फादर वर्षभर बोलतात गं. घरच्यांचं कोण ऐकतं? येशूही म्हणालाच होता, संदेष्ट्याला त्याच्या गावात मान नसतो. आणि खरं कारण सांगू? पाहुणे फादर पापनिवेदनालाही बसतात. रोज भाजी घेताना भेटणाऱ्या माणसाला आपण सासूशी कसं वागलो ते सांगायला जड जातं. परक्याला सांगून मोकळं होता येतं. आज त्यांच्याकडे रांग, आमच्या फादरांकडे दोघं.

देशपांडे काका, बी-३०१: पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. आपल्या देवळातले पुजारी कुठे कीर्तन करतात? चैत्रात बुवा बाहेरूनच येतात, कोणाकडे तरी उतरतात, शिधा, बिदागी. मी निवृत्त झाल्यापासून चर्चमधली ही प्रवचनं ऐकायला जातो. सगळीच चांगली नसतात. एकदा एक पाहुणे पाऊण तास ग्रीक शब्दांच्या व्युत्पत्तीत अडकले, अर्धा सभामंडप पेंगत होता, मीही. पण दोन वर्षांपूर्वी एकांनी फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणावर सांगितलं, ते अजून डोक्यात आहे. हा माणूस इंग्लंडचा, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि येशूची कथा त्याने मराठी ओवीत लिहिली, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. १६१६ मध्ये राचोलला छापली, तीही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे छपाईचे खिळेच नव्हते. पाहुण्यांनी ओव्या चालीवर म्हटल्या. पुढच्या बाकावर त्या चर्चचे फादर गुडघ्यावर वही ठेवून पोरासारखं लिहून घेत होते. मला सगळ्यात जास्त तेच आवडलं.

शिंदेताई: आम्हाला शाळेत हे का नाही शिकवलं?

देशपांडे काका: शिकवलं असेल, तुम्ही त्या दिवशी गैरहजर असाल.

गायकवाड काकू: माझं माहेर नगरचं, तिकडे आमच्यात कीर्तनच असायचं. टाळ, पेटी, सगळं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं. लग्न होऊन इथे कॅथलिक घरात आले तेव्हा एवढी शांतता बघून मला वाटलं, कोणी गेलंय की काय.

पाटील: काका, प्रवचनानंतर चहा असतो म्हणे. घेता की नाही?

देशपांडे काका: घेतो. पण पुण्यात मिशनचा चहा जपून घ्यावा. १८९० मध्ये गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनमध्ये असंच व्याख्यान होतं. नंतर चहा-बिस्किटं आली. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे सगळे हजर. कोणी प्यायलं, कोणी कप नुसता हातात घेतला. बोलावणाऱ्यांपैकी गोपाळराव जोशी, आपल्या डॉ. आनंदीबाईंचे यजमान, त्यांनी हजर असलेल्यांची नावं थेट वर्तमानपत्रात छापून आणली. मिशनऱ्यांच्या हातचं घेतलं, धर्म बुडाला म्हणून शहरभर गहजब. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपापायी!

पाटील: म्हणजे उद्या ग्रुपवर यादी टाकायला हरकत नाही.

गायकवाड काकू: टाका. पहिलं नाव देशपांडे काकांचं, दोन कप.

देशपांडे काका: दुसरा अर्धाच होता.

सेक्रेटरी: मंडळी, मूळ मुद्दा पार्किंग. मी फादरांशी बोललो. पुढच्या शुक्रवारी साडेसहापासून त्यांची दोन मुलं आपल्या गेटसमोर उभी राहतील, गाड्या शाळेच्या मैदानात लावतील. वॉचमनला रॅम्पवर कोन ठेवायला सांगितलंय. तक्रार अर्ज नको. मंजूर?

शिंदेताई: मंजूर.

पाटील: मंजूर. कोन मात्र खरंच ठेवा, मागच्या गणपतीतले दोन कोन जिन्याखाली धूळ खात पडलेत. आणि काकू, पुढच्या शुक्रवारी कोण येणार? मराठीत असेल तर क्लासचा तास बाहेर बसून काढण्यापेक्षा येईन.

गायकवाड काकू: मराठीतच आहे. वसईकडचे फादर आहेत. साडेसातला या, उशीर झाला तर मागचा बाक माझ्याशेजारी रिकामा असतो.

देशपांडे काका: तो माझा बाक आहे.